फौजी माणसाचा जीवनपट: घरची बाजू, पलटणीची बाजू

कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर अशी चौकट हमखास असते: माजी सैनिक अमुक अमुक यांचे वृद्धापकाळाने निधन, पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार, रक्षाविसर्जन रविवारी सकाळी. बाराव्याला गावात डिजिटल फलक लागतो. त्यावर वर्दीतला जुना फोटो आणि नावाआधी 'मेजर'. वर्ष सरलं की भिंतीवर हार घातलेला फोटो आणि ट्रंकेत कागद, एवढंच राहतं.

या माणसांनी संसार केला तो बराचसा लांबून. बहिणीच्या लग्नाला पैसे आले ते सीमेवरून, मुलाचं तोंड बघितलं ते पोर चार महिन्यांचं झाल्यावर. अशा माणसाची माया बोलण्यातून कमीच कळते. ती मनीऑर्डरच्या कुपनात, सुट्टीच्या चिठ्ठीत, डिस्चार्ज बुकातल्या, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या पुस्तिकेतल्या, एखाद्या इंग्रजी नोंदीत सापडते. म्हणून त्याचा जीवनपट लिहायचा तर वहीचं पान मधोमध दुमडायचं, डावीकडं पलटण, उजवीकडं घर, आणि दोन्हीकडच्या तारखा समोरासमोर आणायच्या. नुसत्या घरच्या आठवणींवर लिहिलं तर सालं चुकतात. नुसत्या फौजी कागदांवर लिहिलं तर सगळं बरोबर येतं, पण त्यात आपले तात्या नसतात.

आधी पेन्शनचं उरकून घ्यावं. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत २१ दिवसांच्या आत करा. पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली असेल तर मृत्यूची माहिती तिथं भरावी लागते, आणि नंतर जमा झालेली पेन्शन एटीएमनं काढायची नाही. ती परत वसूल होते आणि बाईच्या कौटुंबिक पेन्शनला उशीर लागतो. माणूस ६७ वर्षांच्या पुढं जाऊन गेला असेल तर पत्नीला शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के मिळतात. त्याआधी गेला असेल तर ७ वर्षं, किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता त्या तारखेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तोवर ५० टक्के, मात्र त्याच्या स्वतःच्या पेन्शनपेक्षा जास्त नाही. यात अडचण आली की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. एजंट गाठू नये.

इथं काम अडतं ते बहुधा नावात. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. फौजेच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. त्यात नोंद करणारा कारकून उत्तरेकडचा असला की 'ळ' जातो: कांबळेचं कांबले होतं, बाळूचं बालू. ही दुरुस्ती जवानांच्या सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यावी लागते, प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचे पुरावे जोडून. ज्यांच्या घरी फौजी अजून हयात आहेत त्यांनी हे आजच बघावं. स्वतः पेन्शनरनं अर्ज केला तर जे सरळ होतं, त्यालाच त्याच्या माघारी बाईला खेटे घालावे लागतात.

ही नावाची नोंद ज्यावरून झाली तो कागद म्हणजे 'पार्ट टू ऑर्डर'. जवानाचं लग्न, मुलाचा जन्म, वारस बदलणं, घरातला मृत्यू, हे सगळं युनिटच्या पार्ट टू ऑर्डरनं नोंदलं जातं आणि त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रकावर, चढतं. घराचा एवढा नेटका इतिहास दुसरा कुठंही नसतो. नोंदीत दोन तारखा बघा, घटनेची आणि ऑर्डर निघाल्याची. मुलगी जन्मली श्रावणात आणि ऑर्डर निघाली दिवाळीनंतर, म्हणजे मधले दिवस पत्र पोचायला, दाखला मागवायला, ऑफिसात द्यायला गेले. डाव्या बाजूला ऑर्डरची तारीख लिहा, उजव्या बाजूला त्या महिन्यात घरी काय चाललं होतं ते.

पलटणीच्या बाजूचा पाया म्हणजे डिस्चार्ज बुक. त्यातून एवढं उतरवून घ्या: नंबर, रँक, नाव, भरतीची तारीख आणि ठिकाण, सुटल्याची तारीख आणि कारण, एकूण सेवा, मेडल्स, कोर्स, शिक्षण, अंगावरची खूण, चारित्र्याचा शेरा. जन्मतारीख १ जून असेल तर ती खरी मानू नका, ती शाळेत मास्तरांनी घातलेली असते. घरातल्या जुन्या माणसांना साल विचारण्यापेक्षा खूण विचारावी. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा रांगत होते का? तो ११ डिसेंबर १९६७ चा. ७२ च्या दुष्काळात कितवीला होते? एवढ्यावरून वय वर्षभराच्या अंतरानं बसतं. जीवनपटात दोन्ही तारखा लिहाव्यात, कागदावरची आणि घरची.

नंबरावरून एक घोटाळा नेहमी होतो. शिपायापासून हवालदारापर्यंत एकच नंबर चालतो, त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं. नायब सुभेदार झाला की नवा नंबर मिळतो आणि तो 'जेसी'पासून सुरू होतो. जुन्या पत्रांवर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरा, हे बघून घरचे समजतात की एक पत्र दुसऱ्याच कुणाचं आहे आणि बाजूला टाकतात. तसं करू नका. गावात एकाच नावाचे तीन पाटील फौजेत असतील तर मात्र त्यांना वेगळं करणारी गोष्ट नंबरच.

डिस्चार्ज बुक हरवलं असेल किंवा पुरात गेलं असेल तर रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. हे ऑफिस युनिटला नसतं, रेजिमेंटला किंवा कोअरला असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं (लष्करी इंजिनिअर) खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रसामग्री दुरुस्त करणारी कोअर) सिकंदराबादला, रणगाड्यांचं अहिल्यानगरला. पेन्शनवर आल्यावर डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांवर पहारा देणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, गेलेल्यांचं त्या नोकरीचं रेकॉर्ड केरळात कन्नूरला असतं, ते वेगळं मागवावं लागतं. अर्जात नंबर, रँक, नाव, युनिट, सुटल्याचं साल, तुमचं नातं लिहा. मृत्यूचा दाखला आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत जोडा. 'माहिती द्यावी' असं मोघम लिहिलं तर मोघमच उत्तर येतं. कोणत्या युनिटात कधीपासून कधीपर्यंत, कोणती मेडल्स देय, पार्ट टूनं कोणत्या कौटुंबिक नोंदी झाल्या, असे तीन प्रश्न नेमके विचारा. पेन्शन न मिळता सुटलेल्यांचे कागद २५ वर्षं ठेवून नंतर नष्ट केले जातात. त्यांच्याबाबतीत लाँग रोलवरच्या, म्हणजे कायम ठेवल्या जाणाऱ्या नोंदवहीतल्या, मोजक्या नोंदीच मिळतात.

कोल्हापुरात टेंबलाईच्या टीए (टेरिटोरियल आर्मी) बटालियनमध्ये, म्हणजे १०९ मध्ये, नोकरी केलेल्यांच्या घरी हिशेब जुळत नाही म्हणून गोंधळ होतो. टीएत पेन्शनसाठी नाव पटावर असल्याची सगळी वर्षं धरत नाहीत, प्रत्यक्ष बोलावून घेतलेली सेवा धरतात. आणि आजोबा 'राजाराम रायफल्स'मध्ये होते असं घरात सांगत असतील तर ती कोल्हापूर संस्थानची पलटण. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ही पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत १९ मराठा झाली. त्यांचा शोधही बेळगावपासूनच सुरू करायचा.

मेडल्सना पितांबरी लावू नका. हे कळकळीनं सांगतोय, कारण घर आवरताना सून किंवा नातू प्रेमानं हेच करतो. मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. घासून घासून तीच अक्षरं बुजतात. मऊ सुती कापडानं पुसा, कडेचा फोटो तिरप्या उजेडात काढा, अक्षरं उठून दिसतात. मेडलवरून लढाईचं नक्की करता येतं. घरी सगळे म्हणतात '७१ ची लढाई लढले'. संग्राम मेडल त्या काळात ठरलेल्या मोठ्या भागात सेवेत असलेल्या खूप जणांना मिळालं. 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचं) किंवा 'पश्चिमी स्टार' (पश्चिम आघाडीचं) असेल तर माणूस प्रत्यक्ष त्या आघाडीवर होता. ६५ च्या बाबतीतही असंच: रक्षा मेडल सरसकट, समर सेवा स्टार लढाईच्या क्षेत्रातल्यांना. स्टार नसला म्हणजे कमीपणा अजिबात नाही. पुरवठा, दळणवळण, इस्पितळ सांभाळणारेही फौजच होती. पण जे नाही ते लिहिलं की पलटणीतला एखादा जोडीदार वाचतो आणि त्याचा बाकीच्या खऱ्या मजकुरावरचाही विश्वास उडतो.

फोटो लावताना दंडावरच्या फिती मोजा. एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. खांद्यावर एक तारा नायब सुभेदार, दोन सुभेदार. बढतीची तारीख डिस्चार्ज बुकात मिळाली की फोटो कोणत्या दोन सालांच्या मधला ते ठरतं. फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव आणि गाव उठवलेलं असतं, त्यावरून पोस्टिंग कळतं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढला तर चेहराच निघून येतो. दात साफ करायच्या फ्लॉसचा धागा मागून हळूहळू सरकवा. स्कॅन ६०० डीपीआयला, मागची बाजूसुद्धा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला की बारीक अक्षरं जातात.

आता पत्रं. पत्त्यात '५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर ते टपाल दिल्लीवरून जायचं, '९९ एपीओ' असेल तर कोलकात्यावरून, म्हणजे माणूस साधारण पूर्वेकडं होता. गावाचं नाव पत्रात मिळणार नाही, ते लिहायची परवानगीच नव्हती. 'मी इकडे सुखरूप आहे' यातल्या 'इकडे'चा अर्थ युनिटच्या हालचालींशी ताडून काढावा लागतो. तारीख बघावी शिक्क्यावरची, कारण आतली बऱ्याचदा घालायची राहून गेलेली असते. नातवंडांनी तिकिटांच्या नादानं आंतरदेशीय पत्राचा कोपरा कापला असेल तर शिक्काही गेला आणि मागच्या बाजूच्या दोन ओळीही. उरलेली पत्रं तरी आता कात्रीपासून जपा.

मनीऑर्डरची कुपनं दोन जातींची असतात हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. एक, दर महिन्याला ठरलेली रक्कम, ती पगारातून परस्पर कापून घरी यायची. तिला 'फॅमिली अलॉटमेंट' म्हणत. त्या कुपनावर मजकूर नसतो. दुसरी त्यानं स्वतः फील्ड पोस्ट ऑफिसात उभं राहून केलेली, तिच्यावर दोन बोटांच्या जागेत काहीतरी लिहिलेलं असतं: 'आण्णांच्या औषधाला', 'मोटरीच्या हप्त्याला', 'चिमीला फ्रॉक'. ही दुसरी कुपनं वेगळी काढा, तारखेनं लावा. कुपनावरचं अक्षर वेगळं दिसलं तर जोडीदाराकडून लिहवून घेतलं असेल. कमी शिकलेल्या जवानांची पत्रं बराकीतला एखादा लिहून द्यायचा. मग त्याच महिन्यांचे घरचे कागद शेजारी ठेवा. सातबारा आणि फेरफाराचे उतारे काढले की विहीर, बांधालगतचा तुकडा, बोजा चढला आणि उतरला, याच्या तारखा मिळतात. सेवा सोसायटीचं पासबुक, कारखान्याची ऊस बिलं, डेअरीचं दुधाचं पुस्तक. फेरफारात बोजा कमी झाल्याची तारीख आणि चार महिने लागोपाठ आलेली जादा मनीऑर्डर एका रेषेत आली की पुढं विशेषणाची गरज पडत नाही.

सुट्टीचा हिशेब मांडा. सध्याच्या नियमानं जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल सुट्टी. १७ वर्षांच्या नोकरीत सगळी मिळाली तरी १,५३० दिवस, म्हणजे चार वर्षं आणि दोनेक महिने. त्यातून प्रवास धरायचा. जम्मूहून पुण्यापर्यंत झेलम एक्स्प्रेस, तिथून कोल्हापूर, तिथून एसटी. बर्फात रस्ता बंद असला तर ट्रान्झिट कॅम्पात बसलेले दिवस वेगळे. लीव्ह सर्टिफिकेटं सापडली तर त्यांच्या तारखा पंचांगाशी लावा. कुणाच्या सगळ्या सुट्ट्या जोतिबाच्या यात्रेच्या आसपास असतात, कुणाच्या गौरी-गणपतीत, कुणाच्या ऊस लागणीला. सलग पाच वर्षं सुट्टी लागणीला घेतलेला माणूस घरी विश्रांतीला येत नव्हता, हे त्या चिठ्ठ्याच सांगतात.

कुटुंब बरोबर कधी होतं? मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर केंद्रीय विद्यालयाचं नाव आणि गाव असेल तर तेवढी वर्षं क्वार्टर मिळालं होतं. जन्मदाखल्यावर मिलिटरी हॉस्पिटल असेल तर बाळंतपण तिकडं झालं. बाकीची सगळी वर्षं आई इकडं होती: सासू-सासऱ्यांचं दुखणं, उसाची तोड कधी येईल म्हणून मुकादमाच्या मागं लागणं, पोरांचा अभ्यास, पाहुणेरावळे. जीवनपटात तिची पानं वेगळी हवीत, तिच्या नावानं. कुटुंबवत्सल माणूस म्हणून त्याचं लिहायचं आणि ते कुटुंब उभं ठेवणारी फक्त 'पश्चात पत्नी' या शब्दांत यायची, हे आम्हाला पटत नाही.

तिच्याशी बोलताना 'त्यांच्याबद्दल सांग' असं म्हणू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला 'देवमाणूस होते' एवढंच उत्तर येतं आणि डोळे भरतात. हातात कागद द्या आणि विचारा: आई, हे कूपन आलं तवा घरात काय चाललं होतं? मग ती शेजारणीचं नाव सांगते, पोस्टमन किती वाजता यायचा, त्यातले किती कुठं गेले ते सांगते. दुपारी जेवणं झाल्यावर, अर्धा तास, त्याहून जास्त नाही. फोनवर रेकॉर्ड करताना विमान मोड चालू करा, नाहीतर मधेच फोन येतो आणि सूर तुटतो. पलटणीतल्या जोडीदाराला लढाईचं आधी विचारू नये. घरचं पत्र आलं की काय करायचे, कँटीनमधून पोरांसाठी काय घ्यायचे, लंगरात त्यांच्या हातचं काय चांगलं व्हायचं, इथून सुरुवात केली की लढाईचं तो आपसूक सांगतो, आणि जे सांगायचं नसतं ते सांगत नाही. तिथं थांबावं.

पानांच्या वाटपाबद्दल. अठराव्या वर्षी भरती झालेला जवान १७ वर्षांनी सुटतो तेव्हा पस्तिशीत असतो. तो पंचाहत्तरीत गेला तर पुढची ४० वर्षं घरात होता, म्हणजे नोकरीच्या दुपटीहून जास्त. तरी लिहिताना दहातली आठ पानं पलटणीला जातात, कारण तिकडचे कागद आहेत. ही चूक जाणून टाळावी लागते. डीएससीतली किंवा बँकेच्या दारावरची दुसरी नोकरी, सकाळी डेअरीला दूध घालणं, नातीला सायकलवरून शाळेत सोडणं, गावातल्या पोरांना पहाटे भरतीसाठी पळवणं, हरिनाम सप्ताहात पंगतीचं वाढप रांगेत लावणं: याला कागद नसतो. म्हणून याच गोष्टी पहिल्या सहा महिन्यांत, आठवणी ताज्या असताना, माणसांकडून लिहून घ्या. रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर उशिरा आलं तरी बिघडत नाही.

कागद टिकवण्याचं थोडक्यात. डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. उष्णतेनं शाई पसरते, पुढं पान सोडवता येत नाही. स्टेपल आणि टाचण्या काढा, आपल्या पावसाळ्यात त्या गंजून कागद खातात. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालतात, पण तो कागदाला लागू देऊ नका, डाग पडतात. २००५, २०१९, २०२१ च्या पुरांत शिरोळ-करवीरच्या कितीतरी घरांत ट्रंका पाण्याखाली गेल्या. भिजलेला गठ्ठा ओढून सुटा करायचा नाही, उन्हात टाकायचा नाही, इस्त्री फिरवायची नाही. पंख्याखाली सावलीत, पानांमध्ये टीपकागद घालून, तो दर काही तासांनी बदलत वाळवा. दोन दिवसांत जमणार नसेल तर बुरशी धरायच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सवडीनं थोडे थोडे काढा. फोटो एकमेकांना चिकटायच्या आत स्वच्छ पाण्यातून काढून चेहरा वर करून पसरा.

फलकावर आणि पुस्तिकेवर रँक खरी लिहा. गावात प्रत्येक फौजीला 'मेजर' म्हणतात, ते प्रेमाचं आहे आणि बोलण्यात ते राहावं. छापताना 'हवालदार' असेल तर हवालदारच छापा, त्या तीन फिती त्यांनी मिळवलेल्या आहेत. तिरंग्याबद्दलही आधीच ठरवून ठेवावं. १९७१ च्या राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे शासकीय, सैन्यदलांच्या आणि निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीतच ध्वज पार्थिवावर घालता येतो. घरी वृद्धापकाळानं गेलेल्या पेन्शनरला घरच्यांनी आपण होऊन घालायचा नसतो, आणि घातला तरी तो चितेत कधीच जाऊ द्यायचा नाही. त्या धावपळीत कुणाला सुचत नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं.

राहिली ट्रंक. काळी, लोखंडी, वर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, युनिट. बहुतेक घरांत तिच्यात आता ज्वारी नाहीतर जुनी लुगडी असतात, आणि वर्षश्राद्धाच्या आधी कुणीतरी तिला नवा ऑइलपेंट द्यायला काढतं. त्याआधी तिला अंगणात आणा आणि सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात झाकण आणि चारी बाजू बघा. प्रत्येक बदलीला जुनं युनिट काळ्या रंगानं पुसून वर नवं लिहिलेलं असतं, आणि खालची अक्षरं जाड रंगामुळं उठून राहिलेली असतात. बोट फिरवलं तर लागतात. खालून वर, एकेक करून वाचा, फोटो काढा आणि वहीत डावीकडच्या बाजूला तारखांसमोर लिहा. झाकणाच्या आतली बाजूही बघायची. तिथं बऱ्याचदा घरच्यांचा एखादा फोटो भाताच्या खळीनं चिकटवलेला असतो.